मागचं का झाकलंस?

आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम ठाण्यात, नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये होता. 81 दिव्यांनी ओवाळून झालं होतं, तुपाचा आणि झेंडूचा वास अजून हवेत होता. आत्या मोरपिशी साडी नेसून खुर्चीच्या कडेवर बसली होती, आत्ता कुणी हाक मारली तर लगेच उठून स्वयंपाकघरात जाईल अशी. माणसं येत, वाकत, हातात पाकीट ठेवत आणि पंगतीकडे वळत. माझी पाळी आली तेव्हा मी नमस्कार केला आणि ट्रेसिंग पेपरमध्ये गुंडाळलेलं कार्ड तिच्या हातात दिलं. दीड महिना बसले होते त्याच्यावर. गडद निळ्या कागदावर मण्यांचा पूर्ण चंद्र, मोजून हजार मणी, हाताने ओवलेले आणि हाताने टाचलेले. तिने कागद सोडवला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. चंद्राकडे तिने एकदा पाहिलं न पाहिलं, आणि कार्ड उलटं केलं. मागे मी चिकटवलेल्या पांढऱ्या कागदाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि विचारलं, "मागचं का झाकलंस गं?"

मी काही बोलणार तेवढ्यात डोंबिवलीची मंडळी पाया पडायला आली. वहिनीने तिच्या हातातलं कार्ड घेतलं आणि पाकिटांच्या पिशवीत ठेवलं.

एवढंच झालं. पण परतताना बस माजिवड्याच्या पुलाखाली अडकली होती तेव्हा, आणि रात्री झोपताना, आणि पुढचे कितीतरी दिवस ते वाक्य माझ्याबरोबर होतं. आधी वाईट वाटलं. चार लोकांसमोर 'छान झालंय' एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, असं वाटलं. मग रागही आला. शुभेच्छापत्राची मागची बाजू कोण बघतं? आणि मग, राग ओसरल्यावर, एक गोष्ट लख्ख आठवली. आत्या नेहमीच मागची बाजू आधी बघायची.

चरईत, मासुंदा तलावापासून चार पावलांवर, आत्याचं दोन खोल्यांचं घर होतं. दुपारी दोन ते चार तिथे शिवणाचा क्लास चालायचा. पुढच्या खोलीत दोन मशिनं, एक सतरंजी, आणि भिंतीवर पाटीसारखी टांगलेली लाकडी मोजपट्टी. मे महिन्याच्या सुट्टीत आई मला तिथे सोडायची. मशीनला हात लावायला बंदी होती, म्हणून मला रुमालाएवढं मांजरपाट आणि अँकरच्या भरतकामाच्या दोऱ्याची एक लडी मिळायची. सहा पदरांतले दोन सोडवून घ्यायचे, दोरा कोपरापर्यंतच घ्यायचा, धावदोरा, उलटी टीप, साखळी, गाठीचा टाका, याच क्रमाने शिकायचं. एखादं फूल पुरं झालं की मी पळत जायची. आत्या मशीनचं चाक हाताने थांबवायची आणि म्हणायची, "आधी उलट दाखव." सुलट बाजूचं फूल कितीही सुरेख असो, उलट बाजूला एका फुलावरून दुसऱ्या फुलावर उडी मारलेला लांब दोरा दिसला की ती कात्रीने तो कापून टाकायची. "दोरा उडवायचा नाही. गाठ मारायची नाही. शेपूट मागच्या टाक्यांखालून ओढून घ्यायचं." मी रडकुंडीला यायची. ती मात्र शांतपणे चुकलेले टाके उसवायची आणि मग एक गोष्ट करायची, जी मला फार आवडायची. उसवलेल्या जागी कापडावर पडलेल्या भोकांवरून ती नखाने आडवं-उभं घासायची. दोन-चारदा घासलं की कापडाचे धागे सरकून जवळ यायचे आणि भोकं मिटायची. इथे काही चुकलं होतं याची खूण राहायची नाही.

कागदावर हे होत नाही.

हे मला ऑक्टोबरमध्ये कळलं, पहिला कागद वाया गेल्यावर. हजार मण्यांची कल्पना सहस्रचंद्रदर्शनावरूनच सुचली होती. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त लागतात, म्हणजे हजार पौर्णिमा व्हायला साधारण 80 वर्षं आणि 10 महिने. कुणी 80 पूर्ण झाली की करतं, कुणी 81 झाल्यावर. आत्याचा जन्म जानेवारीअखेरचा, त्यामुळे गुरुजींनी नोव्हेंबरअखेरचा रविवार दिला तेव्हा हिशेब अगदी चोख बसला. पावसाळ्यात असलं काम काढता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात कागद पापडासारखा मऊ पडतो, भोक पाडलं की कड फुगते. म्हणून दसरा होईपर्यंत थांबले आणि मग जांभळी नाक्याला गेले. तिथल्या लेस-मण्यांच्या गल्लीत दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "ब्लाउजला हवेत की तोरणाला?" कार्डाला म्हटल्यावर त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि अकरा नंबरचे काचमणी पुढे केले, मोहरीपेक्षा थोडे मोठे. दुधी घेतले, आणि पोटात चांदीचा वर्ख असतो तसे चमकणारे थोडे चंदेरी. दोन्ही मिसळले की चंद्राचा डाग-उजेड येईल असा विचार होता.

घरी आल्यावर ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघितले. हजार मणी नऊ ग्रॅमच्या आसपास भरले. कागद होता 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम. माझा तुकडा 15 बाय 20 सेंटीमीटरचा, त्याचंही वजन तेवढंच, नऊ ग्रॅम. कागद आपल्याच वजनाचं ओझं पाठीवर घेणार होता. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. मी मात्र कापडावर करतात तसंच करायला गेले, एकेक मणी स्वतंत्र टाक्याने. थर्मोकोलवर कागद ठेवून टाचणीने दोन-दोन मिलिमीटरवर गोलाकार भोकं पाडली. पाडताना टाचणी आत जातानाचा तो बारीक टक-टक आवाज इतका छान लागत होता की अडीचशे-तीनशे कधी झाली कळलं नाही. कागद उचलून दिव्यासमोर धरला तर मधून उजेडाच्या ठिपक्यांचा चंद्र दिसला. फार सुंदर दिसला. पाच-सहा ओळी ओवल्या, दोरा जरा ओढला, आणि मधला गोल तुकडा पोस्टाच्या तिकिटासारखा भोकांच्या रेषेवरून सुटून माझ्या हातात आला. तिकिटाला भोकं पाडतात ती फाटावं म्हणूनच, हे तेव्हा डोक्यात आलं.

दुसऱ्या वेळी रीत बदलली. मणी आधी दोऱ्यात ओवायचे, ती सर कागदावर गोगलगाईच्या शंखासारखी मधून बाहेर गुंडाळत न्यायची, आणि दर चार मण्यांनंतर दुसऱ्या सुईने तिच्यावरून एक छोटा टाका घेऊन ती कागदाला धरून ठेवायची. हजार मण्यांना 250 टाके. भोकं एकदम विरळ झाली, कागदाने तग धरला. ओवायचा दोरा मेणबत्तीच्या तुकड्यावरून ओढून घेतला की पीळ पडत नाही. मणी स्टीलच्या झाकणात ओतले तर उड्या मारतात, म्हणून झाकणात आधी जुन्या टर्किश नॅपकिनचा तुकडा घातला. या मण्यांत सगळे एकसारखे नसतात. काही चपटे, कापासारखे पातळ, काही जाडे, काहींची भोकं आंधळी. पहिल्या दिवशी मी पातळ मणी फेकून देत होते. मधल्या वेढ्यांत, जिथे वळण फार आवळ असतं, तिथे तेच पातळ मणी नेमके बसतात हे समजल्यावर केराच्या पिशवीतून शोधून परत काढले. शंभर मणी ओवून टाचायला दीड तास लागायचा. रात्री सगळे झोपल्यावर डायनिंग टेबलावर बसायची. बाहेर घोडबंदर रोडवर ट्रकची घरघर चालूच असायची, आणि सुई मण्यातून जाताना येणारा काचेचा अगदी पुसट आवाज त्या घरघरीतही मला ऐकू यायचा. मनगटाखाली फडकं ठेवायचं, ऑक्टोबरचा घाम कागदाला लागला की डाग पडतो. शंभर झाले की कार्ड उलटं करायचं, मागच्या पांढऱ्या बाजूला पेन्सिलीने त्या जागी आकडा आणि तारीख टाकायची, आणि दिवा मालवायचा.

7/10, 100. 10/10, 200. 14/10, 300. 18/10, 400. मग 29/10, 500.

मधे दिवाळी होती. आणि दिवाळीत आणखीही काही होतं, ते पुढे सांगते.

पाचशेच्या पुढे एका वेढ्यात भोक चुकलं. अर्ध्या मिलिमीटरने असेल, पण टाका तिरका बसला. उसवून शेजारी नवं भोक पाडलं तर दोन्ही भोकं एक झाली आणि कागदाला चीर गेली. मी सवयीने नखाने घासलं. कागद घासला की मिटत नाही, उलट त्याची साल निघते. शेवटी मागून मायक्रोपोरची पट्टी लावली, तीच, इंजेक्शननंतर हातावर लावतात ती पांढरी कागदी चिकटपट्टी, आणि तिच्यातून टाके घेतले. पुढून काही दिसत नव्हतं. मागून मात्र बघवत नव्हतं. टाक्यांचा वेढा, चार ठिकाणी संपलेल्या दोऱ्यांची शेपटं, पट्टी, पेन्सिलीचे आकडे. म्हणून सगळं झाल्यावर बरोबर मापाचा पांढरा कागद कापला, चारही कडांना दुहेरी टेप लावली आणि पाठ झाकून टाकली. सफाईदार, दुकानातल्यासारखं दिसायला लागलं. तेव्हा मला त्याचा आनंदच झाला होता.

झाकण्याला माझ्याजवळ आधारही होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये रेशमी भरतकामाची पोस्टकार्डं बनायची. आघाडीवरचे सैनिक ती विकत घेऊन घरी पाठवायचे, आईला, बायकोला. जाळीदार रेशमाच्या लांब पट्टीवर तीच नक्षी ओळीने भरायची, मग तुकडे कापून कागदी चौकटीत बसवायचे, आणि मागून साधा पोस्टकार्डाचा कागद. म्हणजे त्यातही उलट बाजू झाकलेलीच. त्या कार्डांचे फोटो मी खूप वेळ बघत बसते. पॅन्सीची फुलं, झेंडे, 'प्रिय आईस'. शंभर वर्षांनीही रेशीम चमकतं. ते भरताना दोरा कुठे संपला, काम कुठे थांबलं, हे मात्र आता कुणालाच दिसायचं नाही. हॉलमधल्या त्या प्रश्नानंतर ते फोटो पुन्हा काढून बसले तेव्हा पहिल्यांदाच त्या मागच्या कागदाचं वाईट वाटलं.

आमच्याकडे कार्डं यायची ती दिवाळीची, आणि संक्रांतीची. संक्रांतीच्या कार्डावर तिळगुळाची इवलीशी पुडी चिकटवलेली असायची. पोस्टमनच्या पिशवीत दबून तिळाचा भुगा व्हायचा आणि आम्ही भावंडं बोट ओलं करून तो चाटायचो. दिवाळीची कार्डं बैठकीच्या खोलीत सुतळीवर ओळीने अडकवली जायची. आत्याकडून छापील कार्ड कधी आलं नाही. ती पोस्टकार्डाच्या कडेला सुईने भोकं पाडून रंगीत दोऱ्याने काज टाक्याची किनार घालायची आणि मधे दोन ओळी लिहायची. माझ्या बोरनहाणाला हलव्याचे दागिने तिनेच केले होते, एकेक दाणा दोऱ्याच्या फासात अडकवून. बाबा सांगतात, त्या वेळी तिची दोन्ही अंगठ्यांची टोकं सुजली होती. हजार मण्यांचं कार्ड तिला द्यावं असं वाटलं त्याच्या मागे हे सगळं होतं. तिने मला सुई दिली. ती कामाची पावती मला तिच्याचकडून हवी होती, हेही खरं आहे.

दत्तजयंतीनंतरच्या शनिवारी मी तिच्याकडे गेले. चरईचं घर आता नाही, तिथे बारा मजली इमारत झाली. आत्या मुलाकडे पाचपाखाडीला असते. दुपारचं जेवण होऊन ती गॅलरीत ऊन घेत बसली होती. मला वाटलं होतं विषय कसा काढावा. तर तिच्या मांडीवर कार्ड होतंच, आणि बाजूला ब्लेड.

"तुझी वाट बघत होते," ती म्हणाली. "तुला न विचारता कसं काढायचं?"

मी टेपच्या कडेने ब्लेड फिरवलं आणि कागद सोडवला. आत्याने चष्मा वर केला, कार्ड नाकाजवळ नेलं आणि वाचायला लागली. खरंच वाचायला लागली, मधल्या टाक्यापासून, वेढ्यावरून करंगळी फिरवत. "इथे तुझा हात घट्ट होता. भीती होती फाटेल म्हणून. इथून सैल झाला, इथे बरा बसलाय. शेपूट खालून घेतलंस, शाब्बास." पट्टीपाशी थांबली. "चीर गेली होती?" मी हो म्हटलं. "चांगली सांधलीस. मी असते तर कागद टाकून दिला असता." मला अचानक दहा वर्षांची असल्यासारखं झालं, मशीनसमोर रुमाल धरून उभी असलेली. बोट पुढे सरकत होतं आणि मला ठाऊक होतं ते कुठे येऊन थांबणार.

"अठरा तारीख. मग एकोणतीस. अकरा दिवस काय झालं गं?"

दिवाळीत काम असतं, असं म्हणता आलं असतं. म्हणाले नाही. वसुबारसेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांच्या छातीत दुखायला लागलं. तीन दिवस ते रुग्णालयात होते, एक स्टेंट घातला. आत्याला सांगायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, तिचं वय, तोंडावर आलेला कार्यक्रम. भाऊबीजेला बाबा आले नाहीत तेव्हा कणकण आहे असं कळवलं. तिने पाटाभोवती रांगोळी काढली होती, ती तशीच पुसली असणार. हॉलमध्ये बाबा पहिल्या रांगेत बसले होते, उतरलेले. कुणीतरी तिला म्हणालं, प्रवासाने दमलेत. घोडबंदर ते नौपाडा असा तो प्रवास.

मी सगळं सांगितलं. आत्याने कार्ड मांडीवर ठेवलं. खालच्या रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत ती काही बोलली नाही.

"फोनवर त्याचा आवाज बसलेला होता," ती शेवटी म्हणाली. "मी त्याला विचारलं, तर म्हणाला फटाक्यांचा धूर. माझा धाकटा भाऊ. 76 वर्षं ओळखते मी त्याला." तिच्या आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. मला वाटलं होतं ती रागावेल, आणि ती रागावली असती तर मला हलकं वाटलं असतं. तिने फोन मागितला. गॅलरीचं दार लोटून घेऊन बाबांशी दहा मिनिटं बोलली. मी आत पाणी प्यायले, भांडं विसळून ठेवलं, भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. ती बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि हातात शिवणाचा डबा होता, तोच, बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा, कडेने गंजलेला.

"मणी आणलेस?"

पर्समध्ये उरलेलं पाकीट होतं. का ठेवलं होतं माहीत नाही.

"परवा दत्तजयंतीची पौर्णिमा झाली," ती म्हणाली. "एक वाढला."

हजाराव्या मण्याच्या पुढे, शेवटच्या वेढ्याच्या बाहेर, तिने स्वतः टाचणीने भोक पाडलं. कार्ड उशीवर ठेवलं होतं, हात थरथरत होता, पण टाचणी टेकल्यावर थरथर थांबली आणि भोक जिथे हवं होतं तिथेच पडलं. सुई मी ओवली. चंदेरी मणी निवडला तिने. मी टाका घेतला, दोऱ्याचं शेपूट मागच्या टाक्यांखालून ओढून घेतलं, आणि तिने सांगण्याआधीच मी कार्ड उलटं करून दाखवलं. तिने मान डोलावली. मग पेन्सिल घेऊन माझ्या आकड्यांच्या खाली, तिच्या त्या किंचित डावीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलं, 'दत्तजयंती, 1001'.

मागचा पांढरा कागद परत लावायचा होता, नाहीतर दोरे कशात तरी अडकले असते. मी चारही कडांना टेप लावायला घेतली तर तिने हात धरला. शिवणाच्या परीक्षेच्या वहीत नमुने कसे लावायचे, विसरलीस का? विसरले नव्हते. नमुना फक्त वरच्या कडेला टाचायचा, म्हणजे परीक्षक बाईंना खालून उचलून उलट बाजू बघता येते. तसाच लावला, वरच्या कडेला एकच पट्टी. बोटाने उचलला की दार उघडावं तसा वर होत होता.

निघताना तिने पाकीट उन्हात धरून बघितलं. "किती उरलेत?"

"शंभरेक असतील."

"पुष्कळ झाले," आत्या म्हणाली, आणि पाकिटाला रबर गुंडाळून ते शिवणाच्या डब्यात, बॉबिनच्या कप्प्यात ठेवून दिलं.